विटा, फुंकणी आणि कफामागची हवा

सांगलीला आत्याकडे मुक्कामाला गेलं की सकाळी जाग यायची ती थपथप आवाजाने. आतोबा पंजाची ओंजळ करून आत्याच्या पाठीवर थापट्या देत असायचे. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली विटा, त्यामुळे आत्याचं डोकं खाली आणि पाय वर. पंधरा-वीस मिनिटं हा कार्यक्रम चाले. मग ती उठून बसायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकायची आणि झाकणाच्या डब्यात बेडके टाकायची. "निघाला का?" हा आतोबांचा रोजचा प्रश्न. तिने मान हलवली की ते चहाचं आधण ठेवायला उठत.

घरात सगळे या आजाराला दमाच म्हणत. दमा नव्हता. लहानपणी आत्याला क्षय झाला होता. तो औषधांनी बरा झाला, पण जाताना उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल करून गेला. या दुखण्याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ मध्ये त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. युरोपात हा आजार बऱ्याचदा कारण न सापडलेला किंवा जुन्या न्यूमोनियाच्या मागून आलेला असतो. आपल्याकडे त्याच्यामागे अनेकदा क्षय उभा असतो. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या एकतृतीयांशाहून अधिक जणांचा आजार क्षयातून आलेला निघाला.

बऱ्याच वर्षांनी एका नव्या डॉक्टरांनी आत्याला श्वसनाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती विटा काढायची. "आणि काका, थापट्या नाही मारल्यात तरी चालेल." आतोबा दुखावले. घरी आल्यावर म्हणाले, "मग तीस वर्षं मी काय केलं?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायचं तर कफ कुठे अडकतो आणि कशाने हलतो इथपासून सुरुवात करावी लागते.

छातीत श्वासनळीला फाटे फुटत जातात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे साधारण तेवीस वेळा. या नळ्यांच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचं आवरण असतं. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने वल्ही मारतात आणि अंगावरचा पातळ चिकट थर, त्यात अडकलेली धूळ आणि जंतू यांच्यासकट घशाकडे सरकवत राहतात. धडधाकट माणसाच्याही छातीतून असा कफ दिवसभर वर येत असतो. घशाशी आला की आपण तो नकळत गिळतो, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याला कफच नाही. ज्यांच्या नळ्यांचे केस झडले, ज्यांचा कफ दाट झाला किंवा ज्यांच्या नळ्यांना आत्यासारखे खळगे पडले, त्यांच्यात हा सरकता पट्टा बंद पडतो. कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेने नळ्या आणखी बिघडतात आणि कफ आणखी साचतो. पीटर कोल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८६ मध्ये या रहाटगाडग्याला दुष्टचक्र असं नाव दिलं. कफ रोज बाहेर काढणं म्हणजे या चक्राच्या एका आऱ्यात काठी घालणं.

यावर कोणीही म्हणेल की मग खोकावं. निसर्गाने खोकला त्यासाठीच तर दिला आहे. इथे एक अडचण आहे आणि बाकीची सगळी गोष्ट तिच्यातूनच निघते. प्रत्येक फाट्याला नळ्या बारीक होतात, पण त्यांची संख्या इतकी वाढते की सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ प्रचंड होतं. गावाबाहेर जोरात वाहणारा ओढा शेतात पसरला की संथ होतो, तशी हवा खोल भागात संथ असते. खोकल्याचा झपाटा त्यामुळे मोठ्या नळ्यांपर्यंत, साधारण सहाव्या-सातव्या फाट्यापर्यंतच पोचतो. त्याखालच्या कफाला त्याची वार्ताही नसते. शिवाय जोरात खोकलं की छातीचा दाब सैल झालेल्या नळ्यांना बाहेरून चिमटा घेतो. नळी मिटते आणि कफ आत, हवाही आत. आत्या लालबुंद होईपर्यंत खोकायची आणि चमचाभरच निघायचा, त्याचं कारण हे होतं.

म्हणजे कफाला नुसतं ढकलून भागत नाही. आधी त्याच्या मागे हवा पोचवावी लागते. गेल्या सव्वाशे वर्षांत निघालेल्या छाती मोकळी करण्याच्या पद्धती एकमेकींपासून कितीही वेगळ्या दिसल्या, तरी ही हवा मागे कशी न्यायची यावरच त्यांची खरी परीक्षा होते.

आतोबांची पद्धत यांतली सर्वांत जुनी. विल्यम ईवार्ट या लंडनच्या डॉक्टरांनी १९०१ मध्ये शरीराची स्थिती बदलून कफ काढण्याबद्दल लिहिलं. विचार सरळ होता: बाटली उपडी केली की आतलं बाहेर येतं. पुढे १९३० च्या दशकात फुफ्फुसाच्या शाखांचा नकाशा नीट कळला आणि कोणत्या भागासाठी कुशीवर, कोणत्यासाठी पालथं, कुठे डोकं खाली, अशा डझनभर स्थिती ठरल्या. त्यांना थापट्यांची जोड मिळाली आणि हे सगळं मिळून छातीची फिजिओथेरपी अशी ओळख झाली. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा हाताशी दुसरं होतंच काय? ज्यांच्या पोकळ्या पातळ पुवाने भरलेल्या असत त्यांना याचा उपयोगही होत असणार.

पण दाट कफ पाण्यासारखा ओघळत नाही. काकवीची बरणी उपडी करून बघा, तीही थंडीतली. डोकं खाली केल्याचे तोटेही हळूहळू दिसू लागले. मेलबर्नच्या ब्रेंडा बटन यांनी १९९० च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या तान्ह्या बाळांवर अभ्यास केला. या आजारात कफ फार दाट असतो आणि बाळांना सुरुवातीपासून हे उपचार द्यावे लागतात. डोकं खाली केल्यावर बाळांच्या पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येत होतं. पाच वर्षांनी पाहिलं तर डोकं खाली न करता उपचार मिळालेल्या मुलांची फुफ्फुसं जास्त चांगली राहिली होती. ज्यांना आम्लपित्त आहे, रक्तदाब आहे, आधीच धाप लागते, त्या मोठ्या माणसांनाही उलटं टांगून घेणं मानवत नाही. आत्याला सकाळी येणारी आंबट ढेकर आम्ही आदल्या रात्रीच्या आमटीवर ढकलत होतो.

विटा काढल्यावर त्या मुलीने आत्याला जे शिकवलं त्याला उपकरण लागत नाही, माणूसही लागत नाही. त्याचा गाभा आहे हफ. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तिच्यावर तोंड उघडं ठेवून "हाऽऽ" करतो, तोच श्वास थोडा लांबवायचा आणि पोटाने थोडा जोर द्यायचा. खोकल्यात घसा आधी बंद होतो आणि मग फटाक्यासारखा उघडतो. हफमध्ये घसा सुरुवातीपासून उघडाच असतो. न्यूझीलंडच्या थॉम्पसन दांपत्याने १९६८ मध्ये दम्याच्या रुग्णांसाठी ही युक्ती मांडली. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या जेनिफर प्रायर आणि बार्बरा वेबर या फिजिओथेरपिस्टांनी १९७९ मध्ये ती तपासून पाहिली आणि तिच्याभोवती एक पूर्ण चक्र बसवलं.

हफ का चालतो हे कळलं की गंमत वाटते. जोराने श्वास सोडताना नळीच्या आतला दाब तोंडाकडे येताना कमी होत जातो, बाहेरचा मात्र तेवढाच राहतो. कुठेतरी एका जागी दोन्ही दाब सारखे होतात आणि त्या जागेच्या पुढे नळी चिमटली जाते. जेरे मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये हे मांडलं. चिमटलेल्या जागेतून हवा वेगाने जाते आणि भिंतीवरचा कफ खरवडून पुढे नेते, जसं बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाण्याची धार लांब जाते. खोकल्यात जो चिमटा वैरी होता तोच इथे कामाला लावलेला असतो. फुफ्फुस भरलेलं असेल तर तो मोठ्या नळ्यांत पडतो, अर्धवट रिकामं असेल तर खोल सरकतो. म्हणून आधी मध्यम श्वास घेऊन लांब, हलका हफ करायचा. त्याने खालचा कफ वर येतो. मग पूर्ण श्वास घेऊन छोटा, जोरदार हफ. त्याने वर आलेला बाहेर पडतो.

ब्रॉम्प्टनच्या चक्रात हफच्या आधी दोन टप्पे असतात. पहिल्यात खांदे सैल सोडून, पोटावर हात ठेवून शांतपणे श्वास घ्यायचा. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत घेतल्यावर तीन सेकंद थांबायचं आणि उसासा टाकल्यासारखा सोडून द्यायचा. या तीन सेकंदांतच खरी मेख आहे. शेजारशेजारच्या वायुकोशांना जोडणाऱ्या बारीक खिडक्या असतात. नळीच्या तोंडाशी कफाचा बूच बसला असला तरी श्वास रोखून धरल्यावर हवा शेजारघरातून मागच्या दाराने आत शिरते. कफाच्या मागे हवा पोचते ती अशी. त्यानंतर पुन्हा शांत श्वास, मग एक किंवा दोन हफ. हे चक्र दहा ते तीस मिनिटं फिरवायचं. ओळीने दोन हफ कोरडे, आवाज न करता गेले की त्या वेळचं काम संपलं. मधला शांत श्वास लोकांना वेळकाढूपणा वाटतो. तो गाळला की नळ्या आकसतात, धाप लागते, आणि मग या प्रकाराचा उपयोग होत नाही असं ठरवून मंडळी मोकळी होतात.

बेल्जियममध्ये याच सुमारास दुसरी वाट निघाली. ज्याँ शेवालिए हे फिजिओथेरपिस्ट दम्याच्या मुलांबरोबर काम करत. मुलं हसली, खेळली किंवा गाढ झोपली की त्यांचा कफ आपोआप हलतो असं त्यांनी १९६७ मध्ये हेरलं. मग उलटं टांगून बडवायचं कशाला? त्यांच्या पद्धतीचं नाव ऑटोजेनिक ड्रेनेज. तिच्यात जोर कुठेच नाही. आधी फुफ्फुस जवळजवळ रिकामं करून तळाशी छोटे छोटे श्वास घ्यायचे आणि घसा उघडा ठेवून सुस्कारे सोडायचे. खोलवर बारीक चरचर ऐकू आली की श्वासाची पातळी थोडी वर न्यायची, मग आणखी वर. खोकला आला तरी दाबून धरायचा, कफ घशाशी येईपर्यंत. अर्धा-पाऊण तास लागतो, आणि कफ कुठे आहे हे स्वतःच्या छातीच्या आवाजावरून ओळखायला शिकावं लागतं. लहान मुलांना ते जमत नाही. मोठ्यांनाही पहिले काही आठवडे आपण नक्की काय करतोय ते कळत नाही. पण एकदा साधलं की बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही.

बेल्जियमच्याच गी पोस्टियो यांची पद्धत तर ईवार्टच्या बाटलीला थेट उत्तर देते. स्थितीच्या जुन्या उपचारात खराब बाजू वर ठेवत, म्हणजे तिच्यातला कफ खाली ओघळेल. पोस्टियो खराब बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवतात आणि घसा उघडा ठेवून श्वास सावकाश, अगदी शेवटपर्यंत सोडायला लावतात. खालच्या बाजूचं फुफ्फुस शरीराच्या भाराने आधीच दबलेलं असतं, त्यामुळे ते जास्त रिकामं होतं आणि पुढच्या श्वासाला जास्त उघडतं. एकच माणूस, एकच कफ, आणि दोन पद्धती त्याला बरोबर विरुद्ध कुशीवर झोपवतात. गुरुत्वाकर्षण आणि हवा यांच्यातला हा वाद स्पेनमधल्या एका अभ्यासात काही अंशी सुटला. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या ४४ रुग्णांपैकी निम्म्यांनी वर्षभर दिवसातून दोनदा पोस्टियोंची पद्धत केली, निम्म्यांनी नुसते ताणाचे व्यायाम. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात पहिल्या गटाचा कफ जास्त निघाला होता, आजार उफाळण्याचे प्रसंग कमी झाले होते आणि रोजचं जगणंही सुधारलं होतं.

आता उपकरणं. डॅनिश मंडळींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला श्वास सोडताना थोडा अडथळा देणारा मास्क आणला. ओठांचा चंबू करून फुंकलं की गालांवर दाब जाणवतो. तोच दाब आतल्या नळ्यांना मिटू देत नाही आणि आधी सांगितलेल्या मागच्या दारांतून हवा आत ढकलतो. हा दाब १० ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका हवा. हे माप ऐकून कोणाच्याही मनात येईल की मग पाणीच का वापरू नये? वापरतातच. एक लिटरची बाटली घ्यायची, तळापासून १० सेंटिमीटर पाणी भरायचं, त्यात तळापर्यंत नळी बुडवायची आणि नाकाने श्वास घेऊन नळीतून सावकाश फुंकायचं. १० सेंटिमीटर पाण्यातून बुडबुडा काढायचा तर तेवढाच दाब द्यावा लागतो, मोजायला वेगळं यंत्र नको. नळीचं भोक आतून किमान ८ मिलिमीटर असावं. त्याहून बारीक असेल तर नळीचाच अडथळा पाण्याच्या दाबात मिसळतो आणि माप बिघडतं. बाटलीचं तोंड बंद करायचं नाही, पाणी रोज बदलायचं, बाटली आणि नळी धुऊन कोरडी करायची. नाहीतर ज्या जंतूंना बाहेर काढतोय त्यांचीच शेती बाटलीत होईल. आत्याला त्या मुलीने हीच बाटली दिली. दहा-बारा फुंका, मग हफ, मग थोडी विश्रांती, पुन्हा तेच. चुलीवर आयुष्याची सुरुवातीची वर्षं काढलेल्या आत्याने नळी हातात घेतली आणि म्हणाली, "ही तर फुंकणीच की."

स्विस बनावटीचा फ्लटर हा या फुंकणीचा पुढचा अवतार. चिलमीसारख्या आकाराच्या उपकरणात पोलादी गोळी असते. श्वास सोडला की ती पंचाच्या शिट्टीतल्या गोळीसारखी उडते, बसते, उडते, आणि त्या धक्क्यांची थरथर छातीत उतरते. दही ढवळलं की पातळ होतं, तसा थरथरीने कफ पातळ होतो असं मानतात. फ्लटर विशिष्ट कोनात धरावा लागतो, कारण गोळी गुरुत्वाकर्षणावर चालते. नंतर आलेल्या अकापेलात चुंबक असतो, त्यामुळे तो आडवं पडूनही वापरता येतो. अशी उपकरणं आपल्याकडे साधारण काही हजारांत मिळतात. सर्वांत महाग आहे ते थरथरणारं जाकीट. मिनेसोटा विद्यापीठाच्या वॉरन वॉरविक आणि लीलँड हॅन्सन यांनी १९८० च्या दशकात ते घडवलं. हवेचे झटके देऊन ते सेकंदाला पाचपासून पंचवीस वेळा छाती दाबतं, आणि माणूस आत टीव्ही बघत बसू शकतो. किंमत लाखांत जाते.

जास्त महाग म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब इथे फसला. कॅनडातल्या १२ केंद्रांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या १०७ रुग्णांवर मॅगी मॅकिलवेन आणि सहकाऱ्यांनी जाकीट आणि साधा दाबाचा मास्क यांची वर्षभर तुलना केली. २०१३ मध्ये निकाल आला. जाकीट घालणाऱ्यांचा आजार मास्कवाल्यांपेक्षा जवळजवळ दुपटीने जास्त वेळा उफाळला होता. मला यात फारसं आश्चर्य वाटत नाही. जाकीट कफ हलवतं, पण त्याच्या मागे हवा नेण्याचं काम आणि त्यानंतरचा हफ हे माणसालाच करावं लागतं, आणि टीव्ही बघताना ते राहून जातं. हे शेवटचं कारण माझं, अभ्यासाचं नव्हे.

बाकीच्या पद्धतींत एक दुसरीवर निर्विवाद मात करते असं मोठ्या आढाव्यांना सापडलेलं नाही. त्याचं एक कारण तुलना करण्याच्या रीतीतच आहे. जुन्या अभ्यासांनी निघालेला कफ वजन करून मोजला. पण कोणी गिळतो, कोणाच्या कफात लाळ मिसळते. एकदाच्या उपचारात दहा ग्रॅम जास्त निघाला म्हणजे वर्षभरात तब्येत सुधारेल असंही नाही. दुसरं म्हणजे गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येतं, इथे ज्याच्या पाठीवर थापट्या पडताहेत त्याला त्या पडताहेत हे कळतंच. मॅकिलवेन यांच्या आणखी एका अभ्यासात तर रुग्णांनीच बंड केलं. बारा ते अठरा वर्षांच्या ३६ मुलांपैकी काहींना वर्षभर थापट्या आणि काहींना शेवालिएंची पद्धत, मग पुढच्या वर्षी अदलाबदल, असं ठरलं होतं. वर्ष संपल्यावर शेवालिएंच्या गटातल्या अनेकांनी परत थापट्यांकडे जायला साफ नकार दिला. अभ्यासाची आखणी मोडली, पण मला तरी त्या नकारातून आकडेवारीपेक्षा जास्त कळलं. सोळा वर्षांच्या मुलाला सकाळ-संध्याकाळ आईपुढे पालथं पडायचं नसतं.

आजार बदलला की उत्तरही बदलतं. सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात सगळ्यांनाच भरपूर कफ नसतो. ब्रिटनमध्ये सीओपीडी उफाळून रुग्णालयात आलेल्या ५२६ जणांवर थापट्यांसारख्या हातांनी द्यायच्या फिजिओथेरपीची चाचणी झाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर ती घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरक नव्हता. मात्र ज्यांना रोज कफ पडतो अशा सीओपीडीच्या १२२ जणांनी तीन महिने अकापेला वापरला, तेव्हा त्यांचा खोकल्याचा जाच कमी झाला, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्याच्या छातीत कफच नाही त्याने अर्धा तास फुंकत बसण्यात अर्थ नाही. त्याने तो अर्धा तास चालावं.

कफ पातळ करण्याच्या उपायांत मिठाच्या पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. ऑस्ट्रेलियात समुद्रावर लाटांवर स्वार होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना बरं वाटतं, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यातून सात टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा नेब्युलायझरने देऊन पाहिला. १६४ रुग्णांवरच्या अभ्यासात आजार उफाळणं कमी झालं, आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मीठ नळ्यांच्या भिंतीतून पाणी ओढतं आणि कफ सैल होतो. पण यानेच काहींच्या नळ्या आकसतात, म्हणून पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखाली, नळ्या उघडणारं पंप-औषध आधी घेऊन. क्रमही ठरलेला आहे: आधी नळ्या उघडणारं औषध, मग मिठाचं पाणी, मग फुंकणी किंवा हफ, आणि आत मुरायला हवीत ती औषधं सगळ्यात शेवटी. आत्या अनेक वर्षं पंप थापट्यांच्या नंतर घेत होती.

आपल्याकडे या सगळ्याला दुसऱ्याच गोष्टी आडव्या येतात. फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना गुडघे आणि मान आठवते. छातीसाठीही तिच्याकडे जायचं असतं हे अनेकांना माहीतच नसतं. मेडिकलवाल्याकडून खोकला दाबणारं औषध आणलं जातं, जे कफ साचणाऱ्या माणसासाठी नेमकं उलटं आहे. त्याहून मोठी अडचण लाजेची. चारचौघांत कफ थुंकला की लोक क्षयाच्या नजरेने बघतात, आणि बायका तर तो गिळूनच टाकतात. आत्या पाहुणे आले की दिवसभर खाकरायचीसुद्धा नाही आणि रात्री तापायची. तरी क्षयाची शंका बाजूला ठेवून चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी. ती फुकट होते. फुंकणी त्यानंतर.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: कपालभातीने होणार नाही का? कपालभातीत उच्छ्वासाला झटका असतो, त्यामुळे ती हफसारखी वाटते. पण तीत श्वासाची पातळी ठरवून खोल भागाकडे जाणं नाही, रोखून धरणं नाही, मधला शांत श्वास नाही. सैल नळ्यांच्या माणसाने ती तासभर केली तर चिमटा पुन्हा पुन्हा एकाच जागी पडेल आणि धाप लागेल. प्राणायाम करायचा तर जरूर करा. फक्त त्याला कफ काढण्याचा पर्याय समजू नका.

थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर हे सगळं त्या दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठायचं. छातीत अचानक एका बाजूला कळ येऊन दम कोंडला तरी तेच. कफ नेहमीपेक्षा जास्त, दाट किंवा हिरवट झाला, ताप आला, तर दोनाऐवजी तीन-चार वेळा बसायचं आणि औषधासाठी वाट बघत राहायची नाही. आत्याच्या डायरीत आता रोज रंग लिहिलेला असतो: पांढरा, पांढरा, पिवळट, पांढरा. आतोबांची वही दुधाची, तिची कफाची.

मग तीस वर्षं आतोबांनी काय केलं? पुढच्या भेटीत त्यांनी हे त्या मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "काका, रोज सकाळी अर्धा तास तुम्ही त्यांना छाती मोकळी करायला बसवलंत. थापट्या पडताना त्या खोल श्वास घेत होत्या, नंतर खोकत होत्या. जो काही कफ निघाला तो त्यातून निघाला." आतोबांचं समाधान अर्धंच झालं. आता बाटलीतलं पाणी बदलणं त्यांच्याकडे आहे, पण बुडबुड संपली की अजूनही ते सवयीने आत्याच्या पाठीवर दोन-चार हलक्या थापट्या देतात. हाडं ठिसूळ झालेल्या वयात जोराच्या थापट्या बरगडीला महाग पडतात, म्हणून मी त्याबद्दलही त्या मुलीला विचारलं. तिने आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हलकेच असतील आणि आजींना बरं वाटत असेल तर राहू देत. फक्त त्यानंतर हफ झालाच पाहिजे."